तुमचा नंबर लागलाय

वहिनी : नको म्हटलं ना, बाई! आमचा कधी कशात नंबर लागत नसतो, आणि लागलाच असला तर तो तुम्हालाच लखलाभ होवो. ठेवा फोन.

ताई : ठेवू नका! वहिनी, हात जोडते, ठेवू नका.

वहिनी : परवा शेजारणीचा असाच नंबर लागला होता. पांढरी गाडी लागली म्हणे. गाडी राहिली बाजूला, बिचारीचं होतं नव्हतं ते गेलं. आता तुम्ही म्हणणार, मोबाईलवर आकडा आलाय तो सांगा.

ताई : आकडा नको, पैसा नको, काही नको. मला फक्त पेंटर हवेत. गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवतात ते. पंक्चरवाल्याला लागून दुकान, उजवा डोळा पांढरा पडलाय, डाव्यानंही हल्ली धूसर दिसतं. बरोबर?

वहिनी : हे तुम्हाला कुणी सांगितलं?

ताई : तुम्हीच की! गेल्या वर्षी आमच्याकडे फॉर्म भरलात. पत्त्याच्या रकान्यात जागा पुरली नाही, म्हणून मागच्या बाजूला नकाशा काढलात. पंक्चरवाल्याचं टायरसुद्धा काढलंय त्यात, चाकाच्या आऱ्यांसकट.

वहिनी : अगं बाई! म्हणजे तुम्ही त्या दवाखान्यातल्या? जिन्याखालच्या खोलीतल्या?

ताई : जिन्याखालचीच. टेबलावर दोन फोन, मागे पत्र्याचं कपाट. ज्यांचा विमा नाही आणि जे सरकारी कार्डातही बसत नाहीत, त्यांना मोठे डॉक्टर गाठून देते ती ताई.

वहिनी : मग हे आधी नाही का सांगायचं! मेलं नंबर लागला, नंबर लागला काय लावलंय मघापासून! मी आत्ता तुम्हाला शिव्या घालणार होते. चांगल्या तीन तयार ठेवल्या होत्या.

ताई : घाला, नंतर घाला, हक्कानं घाला. आधी ऐका. आत्ता पावणेअकरा झालेत. पेंटरांना एक वाजेपर्यंत डोळ्यांच्या हॉस्पिटलात आणायचं. ऑपरेशन आहे.

वहिनी : कधी?

ताई : आज!

वहिनी : आज? आज म्हणजे आज?

ताई : आज म्हणजे आज, वहिनी! बुबुळ आलंय. त्यांना बसेल असं. पेंटर कुठायत?

वहिनी : इथंच, समोर. एका टेम्पोची प्लेट चाललीय. अहो! अहो, ते ठेवा खाली! ब्रश ठेवा म्हटलं ना! थांबा ताई, मी फोन मोठ्या आवाजावर टाकते. माझं तर बोटच चालेना. हां, बोला.

पेंटर : कोण आहे? प्लेटीचं असेल तर दुपारनंतर या म्हणावं.

ताई : पेंटर, नमस्कार. मी जिन्याखालची ताई. तुमचा नंबर लागला हो!

पेंटर : लागला? बरं झालं. सरळ लागलाय ना?

ताई : हे बघा! हे बघा, अस्संच झालं असणार! अहो पेंटर, तीन आठवड्यांपूर्वी तुम्हाला एक फोन आला होता का? म्हातारा आवाज, मध्येच खोकणारा?

पेंटर : आला असेल. दिवसात वीस येतात. हां, एक आला होता. गृहस्थ म्हणाला, तुमचा नंबर लागला. मी म्हटलं, सरळ लागला ना? तो म्हणाला, हो हो, अगदी सरळ, वशिल्याशिवाय. मला वाटलं, असतात एकेक गिऱ्हाइकं. मी म्हटलं, मग झालं तर, चारी स्क्रू घट्ट करून घ्या.

ताई : ते आमचे कंपाउंडर काका! आता निवृत्त आहेत, आमच्या टेबलावर फुकट बसतात. चाळीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात गेली, माणसांचं बोलणं ऐकायची सवयच नाही. तुमच्या फाईलवर काय लिहिलंय, वाचून दाखवते. "पेशंटला नंबर लागल्याचे कळवले. पेशंट म्हणाले, झाले. चार स्क्रू घट्ट करण्यास सांगितले. फाईल बंद."

वहिनी : अरे देवा!

ताई : मी ते वाचलं तेव्हा मला वाटलं, काकांचेच स्क्रू ढिले झाले. हसले आणि फाईल कपाटात टाकली. चूक त्यांची एकट्याची नाही, माझीही आहे. तीन आठवडे तुमचं नाव बंद फाईलीत पडून राहिलं. आज सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन. "ताई, बुबुळ आलंय, पण ज्या आजोबांना बसवायचं त्यांना रात्रीपासून ताप. पुढचं कोण?" मी म्हटलं, पुढचे पेंटर होते, त्यांचं तर तुम्ही केलंत ना? त्या म्हणाल्या, "कोण पेंटर? मी कुठल्या पेंटरला हात लावलेला नाही." मी तशीच कपाटाकडे धावले आणि तुमची फाईल काढली!

पेंटर : म्हणजे तो नंबर माझा होता.

ताई : तुमचा! रांगेतला! मी इथं जागच्या जागी उड्या मारतेय पेंटर, तुम्हाला दिसत नाही म्हणून बरं.

पेंटर : तसं मला काहीच दिसत नाही म्हणतात.

वहिनी : ह्यांना विनोद सुचतात! अहो, ऑपरेशन आहे आज. डोळ्याचं. एक वाजता.

पेंटर : ऐकलं मी. ताई, एक विचारू? रागवू नका. हे सगळं फुकट?

ताई : फुकट. ऑपरेशन, औषधं, पुढच्या तपासण्या, सगळं.

पेंटर : मग यात घोडं कुठं पेंड खातंय?

ताई : कुठंच खात नाही. डॉक्टरीणबाई महिन्याला दोन ऑपरेशनं आमच्या टेबलासाठी राखून ठेवतात. भूल देणारे डॉक्टर त्यांच्याबरोबर येतात, तेही काही घेत नाहीत. थेंबांच्या बाटल्या एक औषधवाला देतो. मी एकदा बाईंना म्हटलं, तुमचे आभार कसे मानू? तर खेकसल्या माझ्यावर. "आभार नकोत, पेशंट वेळेवर पाठवा." आणि आज मी पेशंटच शोधत बसलेय!

पेंटर : मोठी माणसं आहेत. पण ताई, दुसऱ्या कुणाला द्या.

वहिनी : काय?

ताई : काय म्हणालात?

पेंटर : दुसऱ्या कुणाला द्या म्हटलं. माझा एक डोळा गेला. पत्रा घासताना किरची उडाली, डोळा चिघळला, गेला. त्याचं आता रडगाणं नाही. पण हा जो एक उरलाय, त्यानं मी अजून चार घास मिळवतोय. तो मी कुणाच्या हातात देणार नाही. सुरी लागली आणि तोही गेला, तर? दुकानात बसून काय करू? वास घेऊन रंग ओळखू?

ताई : एक मिनिट. तुम्हाला काय वाटलं, कुठला डोळा करायचाय?

पेंटर : हाच की. डावा. ज्यानं दिसतंय तो. गेलेल्या डोळ्याचं काय करणार?

ताई : अहो, उजवा! उजवा करायचाय! डाव्याला कुणी बोटसुद्धा लावणार नाही!

पेंटर : उजवा? तो तर मेलाय.

ताई : मेलेला नाही! तुमच्या तपासणीचा कागद माझ्यासमोर आहे. आतलं सगळं शाबूत आहे. फक्त पुढची काच पांढरी पडलीय. खिडकीची काच खराब झाली म्हणून खोली पाडतात का? काच बदलायची. एवढंच आहे ते.

वहिनी : हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही हो.

ताई : कागदावर आहे, इंग्रजीत, बारीक अक्षरात. ते वाचायलाच आधी धडका डोळा लागतो. पेंटर, मी खोटी आशा लावत नाही. अमुक इतकं दिसेलच, असं लिहून कुणी देत नाही. पण डॉक्टरीणबाईंना आत्ता तुमचा कागद वाचून दाखवला, तर त्या म्हणाल्या, "हा डोळा मला हवाय. पाठवा." अशा त्या कधी बोलत नाहीत. मी सहा वर्षं त्यांना फोन करतेय.

वहिनी : ऐकलंत? हवाय म्हणाल्या! अहो, तोंड उघडा ना! मी पिशवी भरते. काय काय आणायचं, ताई?

ताई : जुनी फाईल, रक्ताचे रिपोर्ट असतील ते, एक जोडी कपडे. आणि सकाळपासून पोटात काय गेलंय?

वहिनी : सातला चहा आणि दोन पाव.

ताई : बास. आता पाण्याचा थेंब नाही. तिथं गेल्यावर ते सांगतील तसं.

पेंटर : तुम्ही दोघी भलत्याच घाईत आहात. आज जमायचं नाही.

वहिनी : आता आणखी काय?

पेंटर : टेम्पोवाला समोर बसलाय. त्याची प्लेट अजून पुरी झालेली नाही. संध्याकाळी शाळेच्या दोन गाड्या आहेत. ऑपरेशन झालं की महिनाभर ब्रश धरता येणार नाही, मला ठाऊक आहे. गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे वळलं की वळलं. आणि तसं माझं काही अडलेलं नाही, ताई. धूसर दिसतं, कबूल. पण हात बसलेला आहे. गेल्या आठ महिन्यांत माझी एक प्लेट परत आलेली नाही. एक! विचारा हिला.

ताई : वहिनी?

वहिनी : नाही आली.

पेंटर : बघा.

वहिनी : नाही आली, कारण मी येऊ दिली नाही.

पेंटर : म्हणजे?

वहिनी : आता बोलायलाच लावताय, तर ऐका. टेम्पोवाले दादा, तुम्ही जरा बाहेर उभे राहा. नाहीतर राहू दे, ऐका तुम्हीही, तुमचीच प्लेट आहे. अहो, तुमच्या आठाचा तीन होतो.

पेंटर : कुणाच्या?

वहिनी : तुमच्या. आठाची डावी बाजू उघडीच राहते. तुम्हाला वाटतं गोल मिटला, तो मिटत नाही. नवाची शेपटी कुठच्या कुठं जाते. शून्याला कधी वर खिडकी, कधी खाली. पहिल्यांदा झालं ती शाळेची गाडी होती. नंबर भलताच वाचला गेला म्हणून पोलिसानं अडवून ठेवली, चाळीस पोरं आत. ड्रायव्हर तणतणत आला. तुम्ही रंग आणायला गेला होतात. मी त्याला दारातच गाठला, हातापाया पडले, आणि तुमचा बारीक ब्रश घेऊन ते तीन मीच बंद केले. तेव्हापासून रोज. दुपारी तुम्ही जेवून अर्धा तास आडवे होता ना, तेव्हा.

पेंटर : रोज?

वहिनी : रोज. आठ महिने. लग्नाआधी शाळेच्या फळ्यावर सुविचार कोण लिहायचं? मीच. अक्षर वाईट नाही माझं. पण मला तुमच्यासारखं येत नाही हो. एक आठ मिटवायला मला दहा मिनिटं लागतात, आणि सगळा वेळ जीव दारात, तुम्ही उठाल म्हणून. मला सांगायचं नव्हतं. कधीच नव्हतं सांगायचं. तुम्ही संध्याकाळी प्लेटी ओळीनं मांडता आणि म्हणता, बघ, अजून हात आहे. ते ऐकायला मला आवडायचं. पण ताई रोज फोन करणार नाहीत. आज केलाय.

ताई : हॅलो? पेंटर? लाईन आहे ना? तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजात काढलीत मी, लाईन तुटली की माझा जीव जातो. पेंटर?

पेंटर : आहे.

ताई : मी अकरापर्यंत थांबते. मग मला पुढच्या पेशंटला फोन करावा लागेल. धमकी नाही ही, बुबुळ वाया जाऊ द्यायचं नाही म्हणून.

पेंटर : ताई, ते बुबुळ. कुणाचं आहे ते?

ताई : ते सांगत नाहीत. मला माहीत नाही, बाईंनाही माहीत नाही.

पेंटर : म्हणजे कुणाच्या तरी घरात आत्ता...

ताई : हो. काल गेलं कुणीतरी. आणि त्या घरच्यांनी तशातही फोन केला, डोळे घ्यायला या म्हणून.

पेंटर : तशातही.

ताई : हो.

पेंटर : शटर ओढ ग.

वहिनी : काय म्हणालात?

पेंटर : शटर ओढ म्हटलं! माझा तो निळा शर्ट कुठाय? त्यावर रंगाचे डाग आहेत? असू देत, रंगाचेच आहेत!

वहिनी : ताई! ताई, येताहेत! येताहेत हो!

ताई : ऐकलं, ऐकलं! काका, येताहेत! आमचे काका सकाळपासून कान धरून बसलेत इथं, आता टाळ्या वाजवताहेत. आता सांगा, येणार कसे? बसनं दीड तास लागतो आणि मध्ये बदलावी लागते. रिक्षा बघा, रिक्षा!

वहिनी : रिक्षा ह्या वेळेला कुठली मिळायला! थांबा, टेम्पोवाले दादा काहीतरी म्हणताहेत. काय? खरंच? ताई, ते म्हणतात मी सोडतो! त्यांच्या आईचंही असंच डोळ्यांचं झालं होतं म्हणे. पुढच्या सीटवर तिघं मावतील.

ताई : सोन्यासारखा माणूस! निघा मग!

पेंटर : निघा कसे? त्याची गाडी नवी कोरी आहे. नंबर लागल्याशिवाय चौकापलीकडे नेली तर अडवतील. दोनदा पावती फाटलीय त्याची. तिसऱ्यांदा धरला तर गाडीच ठेवून घेतील, आणि आम्ही बसू फुटपाथवर.

ताई : अहो, मग लावा नंबर! किती राहिलाय?

पेंटर : पुढची झालीय. मागच्या प्लेटीवर शेवटचा एक आकडा.

ताई : कुठला?

वहिनी : सांगू का? आठ.

ताई : लिहा की मग!

पेंटर : हिला लिहू दे.

वहिनी : मी? आत्ता? तुमच्यासमोर?

पेंटर : आठ महिने माझ्यामागे लिहिलास, एक समोर लिही. हा घे ब्रश. हा नको, तो बारीक.

वहिनी : द्या इकडे, पण सांगत राहा हं. टेम्पोवाले दादा, तुम्ही असे माझ्या डोक्यावर उभे राहू नका!

पेंटर : रंग जास्त घेऊ नकोस. डबीच्या कडेला पूस. आता श्वास सोड. धरून ठेवायचा नाही, सोडायचा, आणि सोडता सोडता ब्रश टेकवायचा. वरून सुरू कर. डावीकडे ने. कंबरेत आवळ. आता खालचं पोट. खालचं वरच्यापेक्षा जरा मोठं, नाहीतर आठ पुढं पडल्यासारखा वाटतो. ये वर. मीट.

ताई : मिटला का? वहिनी, मिटला का? मला इथं घाम फुटलाय!

वहिनी : मिटला! पहिल्या झटक्यात! बाई बाई बाई! दहा मिनिटं लागायची, आत्ता एकसुद्धा लागलं नाही!

पेंटर : श्वास सोडला नाहीस ना इतके दिवस, म्हणून लागायची. दादा, पकडा प्लेट, कडेला धरा, रंग ओला आहे. वाऱ्यानं वाळेल. पेचकस आण ग. पुढची मी लावतो, स्क्रू मला हातानं कळतात.

ताई : ऐका, तुम्ही लावता लावता ऐका. मोठ्या दारानं येऊ नका, तिथं रांग असते. बाजूच्या गल्लीतलं हिरवं फाटक. लिफ्टपाशी आमचे काका उभे असतील. मी त्यांना आत्ताच रिक्षात घालते. हातात पुठ्ठा असेल, त्यावर "पेंटर" लिहिलेलं. अक्षर बघू नका, त्यांनीच लिहिलंय. आणि पेंटर, काकांशी नंबर हा शब्द काढू नका, ते रडतील.

वहिनी : पिशवी घेतली, फाईल घेतली. ही घ्या तुमची टोपी. अहो, तो स्क्रू घट्ट नाही झाला!

पेंटर : झालाय. चारी झाले. दादा, बसा. तू मध्ये बस. शटरला कुलूप लावलंस?

वहिनी : लावलं. पंक्चरवाल्याला सांगितलं. कुणी आलं तर महिन्याभरानं या म्हणून सांग म्हटलं. तो म्हणतो, कुणाला जाऊ देत नाही, प्लेटी मी लिहून ठेवतो. ह्यालाही आत्ताच लिहायचं सुचतंय!

पेंटर : त्याला म्हणावं, तू हवा भर.

ताई : अकराला दोन कमी! मी बाईंना कळवू ना? पक्कं ना?

पेंटर : कळवा, ताई. त्यांना सांगा, नंबर लागला. मागेही आणि पुढेही. अगदी सरळ.

(तीन महिन्यांनंतर. जिन्याखालची खोली. टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट.)

ताई : बसा, बसा! काका नाहीत, नाहीतर ते पहिले धावले असते. काय म्हणाल्या बाई आज?

वहिनी : काही म्हणाल्या नाहीत. दिवा मारून बघितलं, हं म्हणाल्या. मग दुसऱ्या डॉक्टरला हाक मारून दाखवलं. तोही हं म्हणाला.

ताई : अहो, म्हणजे खूश आहेत! दुसऱ्याला बोलावून दाखवतात म्हणजे फार खूश आहेत!

पेंटर : टाके वर्षभर राहणार म्हणाल्या. तोवर हा चष्मा. डाव्याचा मोतीबिंदू पुढच्या वर्षी. आणि म्हणाल्या, तुमच्या डोळ्याला नंबर लागलाय.

ताई : आई ग! ह्या नंबरानं तुमची पाठ सोडली नाही!

वहिनी : ह्यांनी तिथं काय केलं, विचारा. भिंतीवर तो अक्षरांचा तक्ता असतो ना, वरून मोठी आणि खाली बारीक होत जाणारी? बाई म्हणाल्या, वाचा. तर हे म्हणतात, तिसऱ्या ओळीतलं दुसरं अक्षर कुणी लिहिलं? त्याचे पाय आखूड आहेत.

पेंटर : आहेतच आखूड.

वहिनी : सबंध तक्त्याच्या चुका काढल्या! शेवटच्या दोन ओळी सोडून.

पेंटर : त्या दिसल्या नाहीत. चांगल्या असतील.

ताई : पेंटर, मला एक खरं सांगा. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा नीट काय दिसलं तुम्हाला?

पेंटर : पहिले दोन आठवडे नुसता उजेड. ओल्या काचेतून बघावं तसं. मग एकदा ही थेंब घालायला आली. हात डोळ्यासमोर. नखांच्या कडेला काळा रंग. माझा काळा. घासून जात नाही तो, चामडीत बसतो. मी म्हटलं, बाईमाणसाच्या हाताची काय दशा केली आपण.

वहिनी : तुम्ही नाही केलीत. मी केली. आणि आता तर उघडउघड करते. दोन महिने दुकान मीच चालवतेय ताई, ह्यांना वाकायची बंदी आहे.

पेंटर : मला ठाऊक होतं.

वहिनी : काय ठाऊक होतं?

पेंटर : तू लिहितेस ते. सकाळी रंगवलेली प्लेट दुपारी वाळून कोरडी व्हायला हवी. मी उठून हात फिरवायचो, तर मध्येच एखादा आकडा ओला. बोटाला रंग लागायचा. भूत तर येऊन लिहीत नसेल.

वहिनी : आठ महिने?

पेंटर : पहिल्या आठवड्यापासून.

वहिनी : आणि फोनवर त्या दिवशी मी सगळं सांगत होते, तेव्हा बोलला नाहीत? तुम्ही तर म्हणालात, एक प्लेट परत आली नाही, विचारा हिला!

पेंटर : घाबरलो होतो ग. घाबरलेला माणूस काहीही बोलतो.

वहिनी : आणि रोज संध्याकाळी प्लेटी मांडून म्हणायचात, बघ, अजून हात आहे!

पेंटर : हो, पण कुणाचा ते कुठं म्हणायचो?

ताई : थांबा हं. मला नाक पुसू द्या.

पेंटर : पुसा आणि हे उघडा. तुमच्यासाठी आणलंय. बाहेर जिन्याशी लावायला. लोक शोधत फिरतात, खोली सापडत नाही. आम्हीच दोन फेऱ्या मारल्या होत्या गेल्या वर्षी.

ताई : अगं बाई, पाटी! काय सुरेख अक्षर आहे! "विमा नाही, कार्ड नाही, तरी आत या." आणि खाली फोन नंबर. माझाच! हे कुणी लिहिलं, तुम्ही की वहिनींनी?

पेंटर : अक्षरं हिची. माझा अजून फार वेळ हात चालत नाही. मी फक्त एक आकडा लिहिला. तुमच्या नंबरात दोन आठ आहेत ना? त्यातला एक माझा, एक हिचा. ओळखा.

ताई : हा? नाही, हा. छे हो, मला तर दोन्ही सारखेच दिसतात.

पेंटर : मलाही दिसायचे, ताई.